शेवाळी खण

६ जानेवारी

जिनिंगच्या मालकानं यंदा बोनस दिला नाही. डायरी दिली! वर्षाचे सहा महिने कापसाची धूळ नाकातोंडात घेणाऱ्या माणसांना डायरी. त्यातल्या निम्म्यांना सहीपलीकडे लिहिता येत नाही. आणि ओमप्रकाश ती घरी अशी घेऊन आला जसं काही जिनिंगच नावावर झालं. "बघ की, पुठ्ठा कसला जाड हाय!"

पुठ्ठ्याची भाजी करू का?

(नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. कागदावर मी घेणार. समोर 'अवो' आहेच जन्मभर.)

तो यात एक अक्षर लिहिणार नाही, म्हणून मीच घेतली. पहिल्या पानावर 'नववर्षाचे संकल्प' छापलंय आणि खाली दहा रेघा. मला एक रेघ पुरे. तीस हजार. तीस हजार रुपये बाजूला — लग्न, बारसं, यात्रा, दोस्त, भाचा, कुणाचाही हात लागणार नाही असे. फक्त अडीनडीला.

का, तेही लिहून ठेवते. गेल्या श्रावणात सासूबाईंना परभणीला ॲडमिट केलं तेव्हा घरात सातशे चाळीस रुपये होते. मी जिनिंगच्या ऑफिसात उचल मागायला गेले. मुनीम बन्सीधरनं तीन तास बाकड्यावर बसवलं. मग सुपारी कातरत म्हणाला, "लग्नाला उचल, दुखण्याला उचल. बाई, तुमच्यात कमवायचं कोन बघतंय?" बाजूचे दोघं फिदीफिदी हसले. पाच हजार त्यानं हातात दिले नाहीत, टेबलावर टाकले. एक नोट खाली पडली. ती मी वाकून उचलली.

सासूबाई ठणठणीत झाल्या. माझं ते वाकणं अजून तसंच आहे.

दिवाळीपासून फॉल-पिकोचे आणि ब्लाऊजचे मिळून साडेतेरा हजार साठलेत. अजून साडेसोळा.

८ जानेवारी

"बँकेत ठेवावं की!" — जगातले सगळे शहाणे. ठेवले होते! खात्याला नंबर ओमप्रकाशचा, कार्ड ओमप्रकाशच्या खिशात. माझे चार हजार झाले त्याच आठवड्यात यानं काढून दोस्ताच्या मेव्हण्याच्या लग्नाला दिले. "अगं, माघारी देतो म्हणलाय." तो दोस्त आता आमच्या दारावरून जाताना मोबाईल कानाला लावून जातो. मोबाईल बंद असतो.

मग तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवले. सासूबाईंना नेमकं त्याच दिवशी डाळीला कीड दिसली. डबा उन्हात पालथा! मी झडप घातली आणि भिशीचे आहेत म्हणून वेळ मारून नेली. शांतम्मा नाव आहे त्यांचं. नाव ठेवणाऱ्याला विनोदाची आवड असावी.

आज मात्र जागा सापडली. लोखंडी पेटीत ओटीचे खण रचून ठेवलेत. त्यात सगळ्यात खाली एक शेवाळी रंगाचा, वर गुलाबी ठिपके. पॉलिस्टर. वीस वर्षं मशीन चालवते, इतका भिकार कपडा हाताखालून गेला नाही. असला खण कुणी शिवत नाही, कुणी टाकतही नाही. जिला द्यायचं जिवावर येतं तिच्या ओटीत घालायचा, की ती पुढं ढकलते. हा खण मीच एकीला दिला होता. दोन वर्षांनी एका बारशात माझ्याच पदरात परत पडला! गाव फिरून आला बिचारा, पण कुणी घडीसुद्धा मोडली नव्हती.

पाचशेच्या सत्तावीस नोटा त्याच्या घडीत सपाट बसवल्या. चारी कोपऱ्यांना पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके. वरून हात फिरवला तर कळतसुद्धा नाही. महिन्याच्या शेवटी एकदाच उसवायचा, नोटा घालायच्या, पुन्हा टाके. हा खण पेटीतून काढावा असं कुठल्याही शुद्धीवरच्या बाईला वाटणार नाही.

माझी अक्कल या घरात वाया चाललीय.

१४ जानेवारी

संक्रांत. सोळा घरची हळदीकुंकवं, सोळा वाणं. सात प्लास्टिकच्या वाट्या, चार कंगवे, तीन साबणदाण्या, दोन गाळण्या. दहा रुपयांचं सामान देताना बायकांचे चेहरे असे की गाईचं दान करतायत. मी गेल्या वर्षी आलेल्या वाट्याच धुऊन पुसून दिल्या. एकीला तिचीच गेली. तिनं ओळखली. मीही ओळखलं की तिनं ओळखली. दोघी गोड बोललो — सण आहे ना!

वाचले तीनशे वीस.

१५ जानेवारी

साबणदाणी गळते.

३१ जानेवारी

लग्नसराई. साड्यांचा ढीग. पाठ मोडली, पण चार नोटा घातल्या. एकतीस नोटा, साडेपंधरा हजार. ओमप्रकाशनं आज जिनिंगवरच्या सहा जणांना मिरची भजी खाऊ घातली. कारण? पगार झाला. त्या सहा जणांचाही झाला होता. पण दिलदार आमचाच.

"माणसं जोडावी लागतेत विजा," म्हणतो. जोडलेली माणसं गेल्या श्रावणात कुठं होती विचारलं तर म्हणाला, "तवा सीझन नव्हता." माणसांचाही सीझन असतो.

११ फेब्रुवारी

शाळेतल्या शुभदा मॅडम साडीला फॉल लावायला आल्या होत्या. मी पैशाला चिकट आहे हे त्यांना सासूबाईंनी सांगितलेलं असणारच. म्हणाल्या, "तुम्हाला एक व्हिडिओ दाखवते, बचतीचा आहे, फार छान." टाय लावलेला एक पोरगा. मागं कुंडी. म्हणे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. म्हणे बाहेर कॉफी पिणं बंद करा, हॉटेलचं जेवण महिन्यातून दोनदाच.

मी मागच्या वेळी हॉटेलात जेवले तेव्हा माझं लग्न ठरत होतं. आणि कॉफी मी नेमकी कुठं बंद करू? आमच्या स्टेशनसमोरच्या टपरीवर चहा मिळतो, तोही सासरे पितात.

या पोराला एक महिना आमच्या घरात ठेवावा. सासरे मन्मथअप्पांचं बीपीचं औषध, सासूबाईंची तपकीर, लेकीची, शिवकन्येची, दहावी, आणि वर ओमप्रकाशची दिलदारी. टायचा उपयोग होईल त्याला. घाम पुसायला.

मॅडमनी वीस रुपये कमी दिले. "पुढच्या वेळी देते हं." बचत करतायत!

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. घरात पाच जणांचा उपास. स्वयंपाक नाही म्हणून वाचतील असं धरलं होतं. साबुदाणा, शेंगदाणे, रताळी, केळी, वर जंगमाला शिधा — रोजच्या दुप्पट गेले. उपाशी राहणं परवडत नाही माणसाला.

सासरे दिवसभर ओट्यावर बसून "शिवा शिवा" म्हणत होते. एकटेच आहेत घरात ज्यांचा औषध-चहा सोडला तर खर्च नाही आणि बडबडही नाही.

२८ फेब्रुवारी

सहा नोटा! एका महिन्यात! गावातल्या सगळ्या नवऱ्या याच गल्लीत आल्या की काय असं शिवण आलं. सदतीस झाल्या. साडेअठरा हजार. एका नोटेवर निळ्या शाईनं कुणीतरी 'किशनराव' लिहून खाली मोबाईल नंबर टाकलाय. पाचशेच्या नोटेवर नंबर लिहिणाऱ्याला फोन करून विचारावं वाटतं, बाबा, वह्या महाग झाल्यात का?

टाके घातले. खण खाली. वर बाकीचे अकरा. पेटी बंद.

खरं लिहायचं तर आज जरा बरं वाटलं. आपण कुणाच्या बापाला भीत नाही असं.

९ मार्च

शिवरंजनी आली.

ओमप्रकाशची धाकटी बहीण, घरात सगळ्यांची शिवा. वालूरला दिलीय, नवऱ्याचं किराण्याचं छोटं दुकान. दुकान कसलं — ती गल्लीतल्या पोरांना गोळ्या वाटते आणि विरेश उधारी लिहितो. हातात पैसा टिकत नाही. गेल्या कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला गेली तर शेजारच्या दोन म्हाताऱ्या स्वतःच्या खर्चानं घेऊन गेली! काही विचारलं की एकच — "देव देतो, वैनी." देवाला दुसरं गिऱ्हाईक नाही.

पिशवीभर चिंचा घेऊन आली. फुकटच्या, दारात झाड आहे. चिंचा बघूनच मी ओळखलं की काहीतरी मागायचंय.

चहा झाला. मग मशीनपाशी खाली येऊन बसली. "वैनी, ह्यांच्या मुतखड्याचं आपरेशन करायचंय. रातरात तळमळायलेत. डाक्टर म्हणले, आता लांबवू नका. वीस-बावीस हजार लागतेत. तुमच्याकडं धा हजार असले तर… माझ्या जिम्म्यावर द्या. दोन म्हैन्यात आणून देते बघा."

मी पायडलवरचा पाय काढला नाही. "धा हजार? आमच्या घरात धा रुपये न्हाईत."

"असू द्या, असू द्या," तीच गडबडून म्हणाली. जसं काही तिनंच माझी अडचण केली. "देव देतो."

निघाली तर सासूबाईंचं सुरू — "लेक रिकाम्या वटीनं जायची न्हाई." मी म्हटलं, काढा पेटीतला खण. चांगला काढू नका. नेणारीला कशाला चांगला! हळूच म्हणाले, पण इतकंही हळू नाही. सासूबाईंनी पेटी उघडली, खुडबुड केली, ओटी भरली. मी उठलेसुद्धा नाही. पाठ करून पिको मारत बसले.

"वटीत रुपया घाल गं," सासूबाई. स्वतःच्या कनवटीला तपकिरीची डबी तेवढी.

"रुपया असता तर घातला नसता का?"

शिवणाच्या डब्यात सुट्टे होते. मुठीनं होते. पण खोटं बोलायचं तर पुरतं बोलावं, अर्धवट खोटं पकडलं जातं. बिनरुपयाची ओटी घेऊन गेली. जाताना सासूबाईंच्या पाया पडली आणि माझ्याही. पाठीमागून! मी वळलेच नाही म्हणून.

१० मार्च

माझी काय चूक? तिला दिले असते तर आले असते का माघारी? तिच्या हातात पैसा म्हणजे चाळणीत पाणी. मी श्रावणात वाकले तेव्हा ती नव्हती तिथं.

चिंचा मात्र बऱ्या आहेत. फोडून ठेवल्या.

१९ मार्च

ऊन. गिऱ्हाईक नाही. सासूबाई तीनदा काहीतरी सांगायला आल्या, तीनदा विसरल्या. मी विचारलंही नाही. त्यांच्या पोटात एकतर गुडघा असतो नाहीतर गल्लीतलं भांडण.

२७ मार्च

दुपारी जिनिंगवरून माणूस आला. रुईची गाठ ट्रकवर चढवताना घसरली आणि ओमप्रकाशच्या पायावर आली. पावणेदोनशे किलोची गाठ.

परभणीला नेलं. गुडघ्याखाली हाड दोन जागी मोडलंय. रॉड टाकायचा. फुकट उपचाराचं सरकारी कार्ड काढलं तर त्यावर नाव 'ओमप्रसाद' छापलेलं. दोन वर्षांपासून दुरुस्त करतो करतो म्हणत होता! आता तो ओमप्रसाद कुठून आणू? काउंटरवरची पोरगी म्हणाली, आधी वीस हजार भरा.

मी म्हटलं, आणते.

मान वर करून म्हटलं. लोक इकडंतिकडं बघत होते, फोन लावत होते, हात जोडत होते. मी नुसतं "आणते" म्हटलं आणि घरी यायला सेलूची गाडी पकडली. रस्ताभर रडू येत होतं त्याच्या पायासाठी, आणि खरं सांगते, आत कुठंतरी छाती फुगलेली होती. साडेअठरा आहेत. दीड कमी. दीड हजार कुणीही देईल. ज्याच्याकडे साडेअठरा असतात त्याला दीड कुणीही देतं.

पेटी उघडली. अकरा खण.

खाली कागद. पेटीचा पत्रा.

सगळे झटकले, घड्या मोडल्या. लाल, पिवळे, दोन हिरवे, तो काठाचा. शेवाळी नाही. मग आठवलं. चांगला काढू नका.

सासूबाईंना हलवून विचारलं. "शिवाला कुठला खण दिलात?"

"त्योच की, शेवाळासारका. तूच म्हणलीस ना, चांगला काढू नका म्हणून. मग मी आगदी खालपस्तोर हात घालून भिकारातला भिकार काढला."

सतरा वर्षांत या बाईनं माझं एक ऐकलं नाही. हे ऐकलं!

२८ मार्च

शिवरंजनीला फोन लावायला हातात घेतला. काय बोलू? "तुला दिलेल्या खणात माझे साडेअठरा हजार आहेत"? आणि "आमच्या घरात धा रुपये न्हाईत" ते कोण बोललं होतं? दोनदा नंबर काढला, दोनदा बंद केला.

बन्सीधरकडे गेले. दुसरी वाट नव्हती.

"या बाई. वाटच बघायलो होतो." सुपारी तीच, अडकित्ता तोच. वीस हजार दिले. पुढच्या सीझनच्या मजुरीतून कापून घेणार, वर स्टँपवर माझी सही. म्हणाला, "मालक भरपाईचं बघतेत म्हणले." बघतील! दिवाळीला आणखी एक डायरी देतील.

या वेळी नोट खाली पडली नाही. मीच बाकड्यावरून उठताना अडखळले आणि त्याच्या टेबलाला धरून उभी राहिले. त्यात आणि वाकण्यात काही फार फरक नाही.

३ एप्रिल

रॉड टाकला. ओमप्रकाश वॉर्डात सगळ्यांचा दोस्त झालाय. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला माझी भाकरी वाटून देतो.

७ एप्रिल

सासूबाईंना आज आठवलं. "अगं, विरेशचं आपरेशन झालं की! अठरा मार्चालाच. बरा हाय आता. मी तुला सांगनार होते तर इसरलेच."

अठरा मार्च. ओटी नेल्यावर नऊ दिवसांनी.

पैसे कुठून आले?

"देव देतो!" हो ना. देवानं या वेळी शेवाळी रंगाच्या खणात घालून दिले. माझे! एकेक साडीच्या काठाला सुई टोचून जमवलेले. माझ्या नवऱ्याच्या हाडाचे पैसे तिच्या नवऱ्याच्या मुतखड्याला गेले, आणि मी बन्सीधरच्या टेबलाला धरून उभी!

१२ एप्रिल

फोन केला. राहवलं नाही. आधी दादाची चौकशी, पाय कसा, जेवतो का, रडली थोडी. सगळं गोड. मी मग आडून विचारलं, "त्या दिवशीचा खण शिवलीस का गं?"

मग हसली. "माहेरचा खण कुठं लगेच शिवत असतेत का वैनी! ठिवलाय."

ठिवलाय! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, चोराचं गोड हसणं पहिल्यांदा ऐकलं. आणि मला विचारता येत नाही, यातच तिचं फावतंय. मी खोटं बोलले नसते तर आज तिच्या झिंज्या धरल्या असत्या.

मनात शंभरदा तिला बोलून झालं. आंघोळ करताना, भाकरी थापताना. एकदा मोठ्यानं बोलले तर शिवकन्या म्हणाली, "आई, कुणाला भांडायलीस?"

२० एप्रिल

ओमप्रकाश घरी. पाय बाजेवर, तोंड चालू. "शिवा फोनवर लय काळजी करायली होती. म्हणली, दादा, पैशाची अडचन आसंल तर सांग."

"कुणाच्या पैशाची?" मी म्हटलं.

"म्हंजे?"

"काही न्हाई."

बहिणीचं कौतुक करून झोपी गेला. कुणावर विश्वास टाकायचा याची अक्कल देवानं याला दिली नाही, आणि मला दिली ती एका पॉलिस्टरच्या खणात गेली.

३० एप्रिल

आज बसवजयंती, वर अक्षयतृतीया. शिवरंजनी आणि विरेश दोघं आले. तो बारीक झालाय, पण चालतो नीट. ती दादाच्या पायापाशी बसून रडली, मग हसली, मग स्वयंपाकाला लागली. मी आंब्याचा रस काढला. तीन आंबे तिनंच आणलेले. ती गळ्यापर्यंत पदर ओढून वावरत होती. एकदा वाकली तेव्हा दिसलं, नुसती काळी पोत होती, डोरलं नव्हतं. मनात म्हटलं, गरिबीचं सोंग. माझ्यासमोर घालायला भीती वाटली असेल.

जेवणं झाल्यावर म्हणाली, "वैनी, बसा. तुमची वटी भरते."

नणंदेनं भावजयीची ओटी भरायची! सासूबाईही बघत राहिल्या. "दादा वाचला, तुमचं कुकू वाचलं, म्हणून," म्हणाली. पाटावर बसावं लागलं. हळदीकुंकू लावलं, ज्वारी घातली, हळकुंड घातलं आणि पिशवीतून काढला — शेवाळी खण. गुलाबी ठिपके.

रिकामा करून माझाच भिकार खण मला! मी पदर आवळला. तिनं वरून नारळ ठेवला, खणाच्या खाली हात नेला आणि कानाशी येऊन हळू म्हणाली, "ह्यो शिवू नका वैनी. आन् कुणाला देऊ बी नका."

पाचच्या गाडीनं गेले. मी मोरीचं दार लावून घेतलं आणि खण उलटा केला. चारी कोपऱ्यांना टाके होते. हिरव्या दोऱ्याचे, वेडेवाकडे, लांबलांब. शिवण कधी आलंच नाही तिला. माझे पांढरे टाके नव्हते.

उसवला. सदतीस नोटा. 'किशनराव' वाली सुद्धा. त्याच नोटा, त्याच घडीत. आणि मधोमध एक रुपयाचं नाणं. ते माझं नाही.

म्हणजे उघडला होता. बघितलं होतं. मग माघारी का दिले? नक्की भीती वाटली असेल. नाहीतर ऑपरेशनच्या बिलाच्या दिवशी तिला खण उघडायचं सुचलं नसेल आणि नंतर कळलं असेल, तोवर गरज संपली होती. असंच असणार. या बाईला इतकं —

असंच असणार.

१ मे

सासूबाई सकाळी तपकीर ओढता ओढता म्हणाल्या, "अजून येक तुला सांगनार होते ना, ते आठवलं. शिवा त्या दिवशी घरी गेली आन् दुसऱ्याच दिशी फोन. म्हणली, 'आई, त्या खणात वैनीनं काय ठिवलं होतं का?' मी म्हणलं, त्यात काय ठिवनार, भिकार खण त्यो. तर हसली. म्हणली, 'बरं, वैनीला सांगू नगंस मी इचारलं म्हणून.' मग चार दिसानं डोरलं ठिवलं म्हनं सोनाराकडं, वालूरला. अठरा हजाराला."

मी भाकरी तव्यावर तशीच ठेवली. जळली.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

सदतीस नोटा पिशवीत घातल्या. बन्सीधरला अजून वर्षभर तोंड दाखवावं लागेल, दाखवीन. साडेनऊची गाडी आहे वालूरला. व्याजासकट किती होतात ते सोनारालाच विचारेन.

रुपया मात्र मी ठेवून घेतला.